कुठला बांबू तोडायचा नाही

सोनईच्या उसाला पाणी मिळतं ते मुळेचं. बारागाव नांदूरला या नदीवर २६ टीएमसीचं धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्यातून पाणी आमच्या नेवासे तालुक्याकडे येतं आणि त्यावर आमचा ऊस, आमचा साखर कारखाना, आमच्या पोरांची लग्नं नि आमच्या निवडणुका चालतात. आवर्तन कधी सुटणार यावर गावात कुणीही तासभर बोलेल. नदी निघते कुठून असं विचारलं, तर ‘वरून, अकोल्याकडून’ एवढ्यावर विषय संपतो. वर कोण राहतं, कशावर जगतं, त्यांच्या हातात काय कसब आहे, याची एकाच जिल्ह्यात राहून आम्हाला फारशी गंधवार्ता नाही.

मी इथल्या एका शाळेत कार्यानुभव शिकवायचे. कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातला असा तास, की गणिताच्या सरांचा पोर्शन राहिला की पहिला बळी त्याचा. उरलाच तर आम्ही कागदी फुलं करायचो, राख्या करायचो, आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड करायचो. मुलांच्या हाताला वळण लागायचं, नाही असं नाही. पण सगळं सामान स्टेशनरीच्या दुकानातून यायचं, त्यामुळे वस्तू मुळात कशाची होते आणि ती चीज कधी, कुठून आणायची, हा धडा माझ्या वर्गात कधी झालाच नाही.

निवृत्त झाल्यावर हा विषय डोक्यात शिरला तो भाचीमुळे. ती ब्रिस्बेनला असते. सुट्टीत ती उत्तर क्वीन्सलँडमधल्या मॉसमन गॉर्जला गेली होती. डेन्ट्री नावाचं पुरातन वर्षावन तिथं आहे आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी, कुकू यलांजी लोक, पाहुण्यांना रानात फिरवतात. आधी धुराने पाहुण्याचं स्वागत, मग वाटेत रानातला एकेक धडा. एका झाडाची पानं पाण्यात चोळली की फेस येतो, तो त्यांचा साबण. रंगीत माती दगडावर घासली की अंगावर काढायच्या नक्षीचा रंग तयार. शेवटी चहा आणि पाव. भाचीने फोनवर हे सगळं इतक्या कौतुकाने सांगितलं की मला म्हणावंसं वाटलं, अगं, तुझ्या आजीने रिठ्याने केस धुतलेत. म्हटलं नाही. पण मनात आलं, की ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींकडून शिकायला लोक विमानाने जातात, आणि आपण अकोल्याला एसटीनेसुद्धा जात नाही.

मग गेले. सोनईहून राहुरी, पुढे कोल्हार, संगमनेर, अकोले आणि तिथून कोतूळकडे. वाट जसजशी चढते तसा ऊस मागे पडतो आणि भाताची खाचरं, नागली-वरईचे उतार सुरू होतात. अकोले हा आमच्या जिल्ह्याचा आदिवासी तालुका. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, इथलं. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची. १९८६ पासून इथल्या मोठ्या पट्ट्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. मुळा याच डोंगररांगांतून निघते.

पर्यटन इथं नवं नाही. भंडारदऱ्याला इंग्रजांच्या काळात, १९२६ मध्ये, धरण पुरं झालं तेव्हापासून लोक येताहेत. अलीकडची गर्दी काजव्यांची. मे संपता संपता आणि जूनच्या तोंडावर झाडंच्या झाडं लखलखतात, ते बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि हेडलाइटच्या उजेडात काजवे दिसेनासे होतात. पुरुषवाडीसारख्या गावानं मात्र वेगळी वाट धरली. तिथं पाहुणा गावातल्या घरी उतरतो, घरचंच जेवतो, शेतावर जातो. अशी वाट तालुक्यात आता आणखी ठिकाणी आहे. आमची आठ-दहा जणांची फेरी अशाच एका वाडीतली होती. वाटाड्या गावचाच तरुण, बारावी झालेला, आणि शिकवणार होत्या एक ठाकर मावशी नि त्यांचे मालक. त्यांना सगळी वाडी बाबा म्हणायची, म्हणून आम्हीही.

टोपली विणायला शिकायची म्हणून मी बूड टेकायच्या तयारीने गेले होते. बाबा आम्हाला आधी बांबूच्या बेटाशी घेऊन गेले. ते बेट त्यांच्या स्वतःच्या बांधावरचं. अभयारण्याच्या हद्दीतल्या काडीला पाहुण्याने हात लावायचा नाही, हे वाटाड्याने सुरुवातीलाच बजावलं होतं. बेटात पन्नासेक बांबू असतील. बाबांनी कोयता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “दाखवा बाई, कुठला घ्यायचा?”

मी एक सरळसोट, हिरवागार, तुकतुकीत बांबू दाखवला. तिथला सगळ्यात देखणा तोच होता.

“तो नको. यंदाचा हाय. पोर हाय अजून.”

मग त्यांनी ओळख सांगितली. यंदाच्या बांबूच्या पेरांशी साल चिकटलेली असते आणि कांडीवर पांढुरकी भुकटी असते. बोट फिरवलं की बोटाला लागते. असा बांबू फाडला तर कामट्या पाणचट निघतात, वाळल्या की सुरकुततात. दोन-तीन पावसाळे खाल्लेल्याचा रंग मावळलेला असतो, अंगावर दगडफुलासारखे डाग धरतात, आणि कोयत्याच्या मुठीने ठोकलं की आवाज टणक येतो. फार जुनाही उपयोगाचा नाही. तो ठिसूळ होतो, वाकवला की तडकतो. शिवाय बेटाच्या बाहेरच्या अंगाला नवे असतात, मध्ये जुने, म्हणजे हवा असलेला बांबू नेमका अडचणीच्या जागी. त्याच्यासाठी वाट करताना यंदाचे कोंब मोडले तर पुढच्या वर्षीच्या टोपल्या गेल्या.

कधी तोडायचा, हेही ठरलेलं. पावसाळ्यात नाही, कारण तेव्हा कोंब वर येत असतात. दिवाळी झाल्यावर, थंडीत, आणि जमलं तर अंधाऱ्या पाखात. अंधाऱ्या पाखाचं शास्त्र मला माहीत नाही, पण बाबांचा त्यावर विश्वास आहे. बाकीच्याला कारण आहे. बांबूला लागणारा भुंगा त्यातल्या पिठूळ अंशावर जगतो. तो अंश जितका कमी, तितकी टोपली टिकते. म्हणून तोडलेला बांबू ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचीही पद्धत आहे. पाण्याने तो अंश निघून जातो.

विणायला बसलो ते दुपारनंतर. बांबू मधोमध फाडायचा, मग त्याचे पुन्हा दोन, पुन्हा दोन. कोयता बांबूवर मारायचा नाही. एकदा चीर पडली की पातं किंचित पिळायचं आणि बांबू आपणहून उलगडतो. चीर एका बाजूला पळायला लागली तर जाड राहिलेल्या बाजूला वाकवायचं, की ती परत मधोमध येते. हे ऐकायला सोपं आहे. मावशींच्या कामट्या सुतासारख्या एकसारख्या निघत होत्या, माझ्या एका टोकाला बोटाएवढ्या आणि दुसऱ्या टोकाला कागदाएवढ्या. कामटीची पाठ म्हणजे हिरवी, गुळगुळीत बाजू ती बळकट, तिचा काठ बांधायचा. पोटाकडची मऊ, ती आडवी भरायची. मावशी कामटी दातात धरून, एक पाय लांब करून, पायाच्या अंगठ्यात उभी कामटी ताणून धरून विणत होत्या. दोन हात पुरत नाहीत त्या कामाला. माझी टोपली झाली, पण तिच्यात बटाटे ठेवले असते तर तेही गळले असते. मावशींनी ती उलटसुलट केली आणि कोंबडी झाकायला चालेल असं सांगितलं.

सोनईकडे टोपल्या, सुपं, दुरड्या बुरूड करतात, आणि बाजारच्या दिवशी आपण त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्या बेटाशी उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की टोपलीचे निम्मे कष्ट विणण्याच्या आधीच झालेले असतात.

दुसरी गोष्ट कडूकंदाची. हा वेल पावसात चढतो, थंडीत वाळतो आणि मग त्याचा कंद खणतात. कोकणात बाजारात करांदे मिळतात, ते याच जातीच्या वेलाचे, पण लागवडीचे. रानातला कंद इतका कडू की जिभेला लागताच थुंकावं लागतं. नुसता कडू नाही, त्यातली द्रव्यं यकृताला घातक आहेत. तरीही भात संपायच्या दिवसांत डोंगरातल्या माणसांनी त्याच्यावर दिवस काढलेत. मावशींनी कंद सोलून पातळ काप केले, चुलीतली राख घालून उकडले, आणि ते काप टोपलीत घालून टोपली ओढ्याच्या धारेत दोन दगडांच्या मध्ये अडकवून ठेवली. रात्रभर पाणी त्यातून वाहत राहिलं. सकाळी पुन्हा धुतले, पुन्हा उकडले, मीठ लावून दिले. थोडा कडवटपणा उरतोच, पण खाता येतो. पोट भरतं.

आता गंमत बघा. हाच वेल, वनस्पतिशास्त्रात ज्याला डायोस्कोरिया बल्बिफेरा म्हणतात तोच, उत्तर ऑस्ट्रेलियात आर्नहेम लँडच्या रानातही उगवतो. तिथले मूळ रहिवासी कंद भाजतात, गोगलगायीच्या कवचाच्या धारेने त्याचा कीस करतात, विणलेल्या पिशवीत भरतात आणि वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात. इथं टोपली, तिथं पिशवी; इथं राख, तिथं निखारा. कुणी कुणाला शिकवलं म्हणावं, तर त्यासाठी फार लांब समुद्र मध्ये आहे. त्या खंडावर माणूस ५० हजार वर्षांहून अधिक काळ राहतो आहे. एवढ्या काळात किती जणांनी कडू कंद चाखून पाहिला असेल, किती जण आजारी पडले असतील, मग कुणीतरी पाण्यात ठेवून बघितलं असेल. दोन्हीकडे प्रयोगशाळा एकच होती: ओढा आणि पोट. (हे वाचून घरी प्रयोग करू नका. राख किती, उकळी किती, पाणी किती वेळ, हे हाताखाली शिकल्याशिवाय येत नाही, आणि चुकलं तर दवाखाना आहे.)

त्या ओढ्याचं पाणी पुढे मुळेला मिळतं आणि आमच्या पाटाला येतं, हे मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग उन्हाळ्यात आम्हालाच प्यायला का नसतं?” यावर सोनईच्या माणसाकडे उत्तर नाही. डोंगरात मुसळधार पाऊस पडतो, पाणी खाली निघून जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये वरच्या वाड्या हंडे घेऊन झरे शोधतात, हे अकोल्यातलं जुनं दुखणं आहे.

चकमकही पाहिली. बाबांच्या वडिलांची होती. डोंगरातली गारगोटी, लोहाराकडचा पोलादाचा तुकडा, आणि बांबूच्या नळीत भरलेला, आधी थोडा जाळून काळा केलेला सावरीचा कापूस. गारगोटीवर पोलाद ओझरतं मारायचं, ठिणगी कापसावर पडली की फुंकर. बाबांनी दोन-तीन फटक्यांत विडी पेटवली. आमच्यातल्या एका इंजिनिअरने बराच वेळ ठोकाठोक करून बोटं सोलून घेतली आणि मग खिशातून लायटर काढला. सगळ्यात जास्त हसल्या त्या मावशी.

इरलं फक्त बघायला मिळालं, घराच्या आढ्याला टांगलेलं. बांबूच्या दोन जाळ्या, मध्ये पळसाची पानं गच्च भरलेली, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकेल असं. भाताची आवणी वाकून करायची, दोन्ही हात चिखलात, पाऊस पाठीवर. तिथं छत्रीचा उपयोग काय? आता त्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. कागद स्वस्त, हलका, विणायला दोन दिवस घालवावे लागत नाहीत. मला त्यात वाईट काही वाटत नाही. आमच्याकडेही युरियाच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन बायका निंदतात. पाहुण्यांना हौस म्हणून मावशींनी इरल्यातच राहावं, असं म्हणण्याचा मला काय अधिकार?

हिरड्याचं एवढंच सांगते की ज्या टर्मिनालिया प्रजातीतला आपला हिरडा आणि बेहडा, त्याच प्रजातीतलं काकाडू प्लम नावाचं फळ उत्तर ऑस्ट्रेलियात होतं. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते जगातल्या अव्वल फळांपैकी. तिथले मूळ रहिवासी ते पिढ्यानपिढ्या खात आले. जगाला त्याचा शोध लागल्यावर एका अमेरिकी सौंदर्यप्रसाधन कंपनीने त्याच्या अर्कावर पेटंट मागितलं. विरोध झाला आणि अर्ज मागे घ्यावा लागला. इकडे आठळी धरण्याच्या आत तोडलेला बाळहिरडा अकोले, जुन्नर, आंबेगावच्या आदिवासींच्या हातात उन्हाळ्यात चार पैसे देतो. औषधांच्या बाटलीवर त्रिफळा असं छापलेलं असतं. झाडावर कोण चढलं होतं ते छापलेलं नसतं.

हेच मला आमच्या फेरीच्या पावतीवरही दिसलं. कुणाची फेरी, ते सांगत नाही. पावतीवर जेवणाचे पैसे होते, राहण्याचे होते, वाटाड्याचे होते, ‘व्यवस्थापन’ नावाचंही काही होतं. बांबू शिकवणाऱ्या बाबांचे आणि मावशींचे पैसे कुठेच नव्हते. विचारल्यावर उत्तर आलं, की तुम्ही त्यांच्याकडून टोपली घ्या ना, तेवढाच त्यांना हातभार. म्हणजे दिवसभर आम्हा आठ-दहा जणांना हाताला धरून शिकवायचं ते फुकट, आणि मोबदला मिळणार तो टोपली खपली तर. सोनईत दहावीचे क्लासवाले फी आगाऊ घेतात आणि मगच फळ्याला खडू लावतात. तिथं कुणी म्हणत नाही की मास्तर, तुमच्या वह्या विकत घेतो, त्यातच भागवा.

पाहुण्याची नजर कशी असते हे आम्हाला चांगलं माहीत आहे. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या सोनईवरूनच जातात. दाराला कुलूप नसलेल्या घरांचे फोटो काढायचे, तेल वाहायचं, पुढच्या देवाला निघायचं. त्या घरात राहणाऱ्या बाईशी दोन शब्द कोण बोलतं? उद्या कुणी मला रस्त्यावर उभं करून ‘नऊवारीत भाकरी थापून दाखवा’ म्हणालं तर मी लाटणं हाणीन. तेच आपण आदिवासी वाडीत जाऊन म्हणतो, आणि वर शेकोटीभोवती नाच हवा असतो, तोही जेवणाच्या आधी, नऊच्या आत.

ऑस्ट्रेलियात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. पण काही ठिकाणी मालकीचा प्रश्न त्यांनी धसाला लावला. उलुरू नावाचा तो प्रसिद्ध लाल खडक १९८५ मध्ये अनांगू लोकांना परत मिळाला. त्यावर चढू नका अशी त्यांची विनंती वर्षानुवर्षं होती, लोक चढतच राहिले. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये चढाई कायमची बंद झाली. त्याच वाळवंटी पट्ट्यातल्या बायकांनी १९९५ पासून ‘त्जानपी डेझर्ट वीव्हर्स’ या नावाने गवताच्या टोपल्या विणायला सुरुवात केली. त्यामागची संस्था बायकांचीच. २००५ मध्ये त्यांच्यातल्या काही जणींनी गवताची अख्खी टोयोटा गाडी विणली, खऱ्या गाडीएवढी, आणि देशातला मूलनिवासी कलेचा सर्वांत मोठा पुरस्कार घेतला. कसब जुनं, विषय आपल्या अंगणातला, आणि गल्ल्यावर त्या स्वतः.

आपल्याकडे असं होऊ शकत नाही का? अकोल्यातच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईंनी गावठी बियाणं जपलं, घरात बीजबँक उभी केली, आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेतीचं शिकलेली मुलं आज त्यांच्या अंगणात वही घेऊन बसतात. कायदाही उलट्या बाजूला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि त्यावर वनवासी समाजाचा हक्क मान्य केला. २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळे बांधावरच्या बांबूची आडकाठीही कमी झाली. राहिला तो आपला, पाहुण्यांचा हिशेब.

मी परतताना मावशींना शिकवण्याचे म्हणून वेगळे पैसे दिले, सोनईत मजूर बाईला दिवसाला देतात त्याच्या दुप्पट. त्यांनी आधी घेतले नाहीत. मी म्हटलं, “मावशी, मी पण मास्तरीण होते, पगार घेऊन शिकवलंय.” तेव्हा घेतले, आणि वर टोपलीचे दोनशे वेगळे मागितले. बरोबरच होतं.

तुम्हाला जायचं असेल तर आवणीच्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा त्या घरात कुणालाही उसंत नसते आणि बांबूही तोडायचा नसतो. दिवाळीनंतर जा, कामट्या, कंद सगळं तेव्हाच. मुलांना घेऊन जा. शाळांनी सहलीला दरवर्षी तेच किल्ले आणि तीच पाण्याची उद्यानं दाखवण्यापेक्षा नववीचा एक वर्ग अशा वाडीत नेऊन बसवावा. आणि पैसे भरण्याआधी आयोजकाला एकच विचारा: शिकवणाऱ्या माणसाला दिवसाचे किती देता? आकडा सांगता आला नाही, तर दुसरी वाडी शोधा.